टीव्हीला जोडायचा डबा घेण्याआधी इंटरनेटची वायर काढून बघा

आज थोडा वेगळा विषय. कॉम्प्युटरमधला व्हिडिओ टीव्हीवर कसा दाखवायचा आणि त्यासाठी बाजारातून काय आणायचं. तुम्ही म्हणाल, पत्रकार माणूस सोडून हा मोबाईलच्या दुकानातली कामं कधीपासून करायला लागला? शेवटपर्यंत वाचा. यात पैशाचा प्रश्न आहे, पण त्याहून मोठा प्रश्न आपल्या पत्त्याचा आणि आपल्या पुराव्याचा आहे.

झालं असं. आमच्या इमारतीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. एका मीटिंगमध्ये समोरून आलेला माणूस अगदी ठासून म्हणाला, "इथे पाणी कधी तुंबलेलंच नाही, जोतं फार उंच घ्यायची गरज नाही." नव्याने राहायला आलेल्यांनी माना डोलावल्या. जुने लोक "अहो, २६ जुलै..." म्हणत राहिले, पण तोंडी गोष्टीला किंमत किती? मी म्हटलं, थांबा. २६ जुलै २००५ ची टेप माझ्याकडे आहे.

तेव्हा मी नवीन होतो, उसना कॅमेरा घेऊन फिरायचो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. मिठी नदीचं नाव देशभर गेलं. मिरा रोडला काय झालं त्याची आठवण मात्र इथल्याच लोकांकडे आहे. मी आमच्या जिन्यातून, गल्लीतून जमेल तेवढं शूट केलं होतं. ती मिनी डीव्ही टेप पुढे एका ओळखीच्या स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. एक तासाची टेप, फाईल साधारण १३ जीबी.

आता ती पंचवीस-तीस लोकांना टीव्हीवर दाखवायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिला प्रयत्न पेन ड्राइव्हचा. फाईल कॉपीच होईना. कारण पेन ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. ड्राइव्हमध्ये जागा ३२ जीबी असली तरी नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, फाईल गेली. टीव्हीला लावला, तर टीव्ही म्हणाला, फाईल चालत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. व्हिडिओ फाईल म्हणजे जेवणाचा डबा. एमपी ४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. आतली भाजी वेगळी असते, तिला कोडेक म्हणतात. एच २६४, एच २६५, माझ्या टेपच्या बाबतीत डीव्ही. टीव्हीला डबा उघडता येतो, पण आतली भाजी ओळखीची नसेल तर तो हात वर करतो. कधी चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तेव्हा आवाजाचा कोडेक अनोळखी असतो. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींमध्ये डीटीएस आवाजाचा आधार बंद केला, त्यामुळे जुन्या टीव्हीवर चालणारी फाईल नव्या, महागड्या टीव्हीवर मुकी होते. लोक पेन ड्राइव्हला शिव्या घालतात. दोष त्याचा नसतो.

दुसरा प्रयत्न, लॅपटॉपचा स्क्रीन वायफायने टीव्हीवर पाठवणे. दिसलं, पण धक्के खात. या पद्धतीत लॅपटॉप आधी व्हिडिओ चालवतो, मग आपल्या स्क्रीनचं चित्र पुन्हा दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. काम दुप्पट, दर्जा कमी. वर आपल्याकडची हवा कशी आहे ते माहितीच आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. नया नगरच्या एका मजल्यावर चार घरं, समोरची इमारत हाताच्या अंतरावर. वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. तीन रांगांत पंचवीस गाड्या घातल्यावर रात्री नऊ वाजता काय होणार? हैदरी चौकात संध्याकाळी होतं तेच.

मग मी बाजारात गेलो. एका दुकानातल्या पोराने माझं ऐकून घेतलं आणि काउंटरखालून एक काळा डबा काढला. "भाई, एक बार पैसा भरो, फिर सब फ्री. पिक्चर, मॅच, सब चॅनेल. आपका कॉम्प्युटरवाला व्हिडिओ भी चलेगा." किंमत अडीच हजार. कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांकडे तसाच डबा होता, ते खुश होते. म्हणाले, "बेटा, दर महिन्याचं रिचार्ज गेलं, सुटलो."

मी तो घेतला नाही. का, ते सांगतो. खरं तर ही पोस्ट त्यासाठीच आहे.

जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या एका तंत्रज्ञाने टी ९५ नावाचा असाच स्वस्त अँड्रॉइड डबा तपासला. डबा खोक्यातून काढला तेव्हाच त्यात घातक सॉफ्टवेअर बसलेलं होतं. मालकाने काही चुकीचं दाबलं नव्हतं, कुठली लिंक उघडली नव्हती. पुढे सुरक्षा संशोधकांनी अशा डब्यांचं मोठं जाळं शोधून काढलं, त्याला बॅडबॉक्स असं नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांसाठी जाहीर इशारा काढला, त्यात टीव्हीला जोडायचे डबे, डिजिटल प्रोजेक्टर, फोटो फ्रेम यांची नावं होती. त्यातली बहुतेक यंत्रं चीनमध्ये बनलेली असल्याचंही त्यात म्हटलं होतं. जुलै २०२५ मध्ये गूगलने हे जाळं चालवणाऱ्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. अशी १ कोटीहून अधिक यंत्रं बाधित असल्याचं गूगलने सांगितलं.

हे डबे करतात काय? तुम्ही मॅच बघत असता, तेव्हा तो मागच्या दाराने तुमचं इंटरनेट दुसऱ्याला भाड्याने देत असतो. याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात. जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला माणूस फसवणूक करतो, खोटी खाती उघडतो, पण समोरच्या वेबसाइटला दिसतो तो तुमच्या घरचा आयपी पत्ता. तपास सुरू झाला की तो आयपी पत्ता कोणत्या कनेक्शनचा, हे पोलीस इंटरनेट कंपनीला विचारतात. कंपनीच्या नोंदीत नाव कुणाचं? चाचांचं. खोली क्रमांकासकट.

आता जरा स्वतःशी प्रामाणिक राहून बोलूया. दुसऱ्या कुठल्या उपनगरात असं झालं तर लोक म्हणतील, बिचारा फसला. नया नगरचा पत्ता सांगितल्यावर समोरच्याच्या भुवया आधीच उंचावतात. भाड्याचं घर शोधताना, कर्जाचा अर्ज भरताना, नोकरीच्या मुलाखतीत आपल्यापैकी कितीजणांनी हे अनुभवलंय ते मला सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये इथे काय झालं आणि त्यानंतर फोनमधल्या क्लिपांवरून किती आरोप झाले, तेही नको. अशा वस्तीत आपल्या कनेक्शनवरून कुणी अनोळखी माणूस काळे धंदे करतोय, हा धोका अडीच हजारात विकत घ्यायचा? "मी काही केलं नाही" हे सिद्ध करायला लागणारा वेळ, वकील आणि मनस्ताप यांचा हिशोब एकदा करून बघा. मग दर महिन्याचं रिचार्ज स्वस्त वाटेल.

काहीजण म्हणतील, डब्याच्या मागे बीआयएसचा शिक्का असतो की. असतो, आणि असायलाच हवा. सक्तीच्या नोंदणी आदेशात सेट टॉप बॉक्स २०१२ पासूनच आहे. पण तो शिक्का विजेच्या सुरक्षेचा आहे. डबा शॉक देणार नाही, आग धरणार नाही, इतपत. आत कुठलं सॉफ्टवेअर बसलंय, याची हमी तो शिक्का देत नाही. माझ्या मते सरकारने हे तपासायला हवं. विजेचा शॉक तपासता, मग घरातल्या नेटवर्कमध्ये शिरणारा चोर का नाही? आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. सायबर जागृतीच्या कार्यक्रमात ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, हे सांगतात. त्यात "फुकट चॅनेलचा डबा घेऊ नका" ही एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? आणि मोहल्ल्यातल्या दुकानदारांनाही हात जोडून सांगतो, गिऱ्हाईक तुमच्या शेजारचंच आहे.

मग घ्यायचं काय? आता दुसरी बाजू. नामांकित कंपनीचं घेतलं म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही.

गूगलचा क्रोमकास्ट आठवतोय? २०१३ मध्ये आला, छोटासा, स्वस्त, लोकांनी उचलून धरला. ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट अचानक काम करेनासे झाले. यंत्रं बिघडली नव्हती. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांनी दुरुस्ती पाठवली, पण तोवर लोकांच्या हातात धडधाकट यंत्र होतं आणि ते चालत नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने वेगा नावाच्या स्वतःच्या नव्या प्रणालीवरची फायर टीव्ही स्टिक जाहीर केली. तिच्यावर कंपनीच्या दुकानाबाहेरून आणलेलं ॲप टाकता येत नाही. आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत काय चालवायचं, हे कंपनी ठरवणार.

आणि फक्त कंपनीच नाही. व्हीएलसी प्लेयर तुमच्यापैकी बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर असेल. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, आज जगभर फुकट आणि कायदेशीर. त्याची वेबसाइट भारतात फेब्रुवारी २०२२ पासून बंद केली होती. बनवणाऱ्यांना कारण कळवलं नव्हतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. पण या नऊ महिन्यांत गंमत बघा. वेबसाइट बंद होती, तरी ज्यांच्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी आधीच होता, त्यांचा तो चालतच राहिला. कारण तो चालायला कुणाची परवानगी लागत नाही. फाईल तुमची, प्लेयर तुमच्या मशिनवर, विषय संपला.

यातून मला एक साधी परीक्षा सुचली, तीच तुम्हाला सांगतो. कुठलाही डबा किंवा स्टिक घेतली की राउटरला येणारी बाहेरची इंटरनेटची वायर काढा. राउटर चालू ठेवा. आता घरातल्या कॉम्प्युटरमधला तुमचा व्हिडिओ टीव्हीवर दिसतोय का? दिसला, तर तो मीडिया प्लेयर. नाही दिसला, तर तुम्ही दिवाणखान्यात कुणाच्या तरी दुकानाचा काउंटर आणून ठेवलाय. परत करायची मुदत असेपर्यंतच ही परीक्षा घ्या.

आता कामाचं, थोडक्यात.

वर्षातून चार-दोन वेळाच दाखवायचं असेल तर काहीही विकत घेऊ नका. दोन-चारशे रुपयांची एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावा. चित्र स्वच्छ, आवाज येतो, वायफायशी संबंध नाही. नवीन लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर टाइप-सीचं कन्व्हर्टर मिळतं, पण त्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का, हे आधी विचारा. सगळ्यांतून येत नाही.

नेहमी बघायचं असेल तर प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीचा डबा घ्या. कोणत्या कंपन्या अधिकृत आहेत त्याची यादी अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर आहे. डबा सुरू करताना "प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं सांगितलं, तर तिथेच थांबा. एफबीआयच्या इशाऱ्यातली ती एक ठळक खूण आहे. "अनलॉक केलेला", "सगळं फुकट" हे शब्द ही दुसरी खूण. जमल्यास यूएसबी पोर्ट आणि लॅन पोर्ट असलेला डबा बघा. स्टिकला बहुतेक वेळा हे दोन्ही नसतं.

त्यावर व्हीएलसी टाका. कॉम्प्युटरवर व्हिडिओचं फोल्डर शेअर केलं की व्हीएलसीला ते घरच्या नेटवर्कवर सापडतं. संग्रह मोठा असेल तर कॉम्प्युटरवर जेलीफिन बसवा. एम्बी नावाच्या सर्व्हरचा कोड बंद झाला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातूनच लोकांनी हे वेगळं काढलं. पैसे नाहीत, खातं उघडायला कुणा कंपनीकडे जायचं नाही. प्लेक्सही चांगलं आहे, पण २०२५ पासून घराबाहेरून आपलाच संग्रह बघायला ते पैसे घेतं. कोडी हेसुद्धा उत्तम आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. त्यात चोरीचे जोड घालून विकणारे वेगळे, त्यांच्यामुळे त्याचं नाव खराब झालंय.

वायफायपेक्षा लॅनची वायर बरी. माझ्या टेपला सेकंदाला जवळपास ३० मेगाबिट लागतात. साध्या १०० मेगाबिटच्या लॅनला ते काहीच नाही, पण गर्दीच्या २.४ वायफायवर दम लागतो. वायर ओढणं शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा. ते भिंतीतून कमी जातं, म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी.

आणि मराठी, उर्दू, हिंदी सबटायटल असतील तर दुकानातच लावून बघा. काही टीव्ही जोडाक्षरांची वाट लावतात, काही चौकोन दाखवतात.

शेवटची आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टीव्हीवर चालावी म्हणून फाईलची लहान प्रत करा, हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, १३ जीबीची टेप दीड-दोन जीबीत बसते. पण मूळ फाईल पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक नातेवाइकांकडे असली तर उत्तम. वॉट्सॲपवर फिरणारी पंधरा सेकंदांची क्लिप पुढे-मागे कापलेली असते, दाबलेली असते, तारीख उडालेली असते. वाद झाला की मूळ, अखंड चित्रण ज्याच्याकडे आहे त्याचंच ऐकलं जातं. या शहराचं गेल्या वीस-पंचवीस वर्षांचं खरं दप्तर कुठल्याही कार्यालयाच्या कपाटात नाही, ते तुमच्या-माझ्या जुन्या फोनमध्ये, सीडींमध्ये, लग्नाच्या कॅसेटमध्ये पडलंय. नाल्याची मूळ रुंदी, मोकळं मैदान, रस्त्याची पातळी, सगळं कुणाच्या तरी वरातीच्या मागे दिसतंय.

मीटिंगचं काय झालं, ते राहिलंच. शेवटी केबल लावली आणि लॅपटॉपवर व्हीएलसी उघडला. चित्र जुनं, थोडं रेघारेघांचं. कॅमेरा जिन्यातून खाली जातो आणि पाण्यापाशी थांबतो. खोलीत कुणी तरी पायऱ्या मोजायला लागलं. खालून तिसरी पायरी पाण्यात होती. मीटरच्या पेट्यांना पाणी लागलं होतं. तोच जिना, तेच मीटर, लोक उठून बाहेर जाऊन बघून आले. समोरचा माणूस म्हणाला, "व्हिडिओ फार जुना आहे." एक ताई म्हणाल्या, "जिना पण जुनाच आहे ना." जोत्याच्या उंचीचा मुद्दा त्या दिवशी इतिवृत्तात लिहिला गेला. पुढे काय होतं ते बघू, पण "पाणी कधी तुंबलंच नाही" हे वाक्य आमच्या इमारतीत आता कुणी बोलणार नाही.

चाचांचा काळा डबा मी त्याच रात्री काढायला लावला. वायफायचा पासवर्डही बदलला. नाराज झाले, मॅच होती. मग त्यांच्याच टीव्हीला केबल लावून टेपमधलं त्यांचं स्कूटर दाखवलं, सीटपर्यंत पाण्यात बुडालेलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ये तो किसी चॅनेल पे नहीं आया था."

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा. आणि कपाटात जुनी टेप असेल तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा, बुरशी लागली की ती परत येत नाही.